बाळाचं वरचं खाणं घरी कसं करायचं, कसं साठवायचं

सहा महिने होत आले की घरात पहिला प्रश्न येतो, आता बाळाला काय द्यायचं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, रोज एवढं एवढंसं कोण करत बसणार, एकदाच करून ठेवलं तर नाही का चालणार? दोन मुलांचं वरचं खाणं मी केलं, मग जावेच्या मुलाचं केलं, त्या सगळ्यातून एकच सांगेन, साठवायचं ते कोरडं पीठ, शिजवलेलं मात्र होता होईल तो त्या त्या वेळचं. आपल्या आज्या खिमटाचं पीठ नि नाचणीचं सत्त्व डब्यात भरून ठेवायच्या ते याचसाठी, आणि फ्रिज असला तरी तीच पद्धत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात सुरक्षित आहे. पीठ घरात असलं की वाटीभर खिमट दहा मिनिटांत होतं, बाहेरचा डबा उघडून त्यात पाणी कालवायलाही जवळपास तेवढाच वेळ जातो.

सुरुवात कधी करायची

सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण १८० दिवस. तोवर फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, घुटी नाही, मध तर नाहीच. नुसती तारीख बघू नका, बाळाकडेही बघा, मान नीट धरतंय का, आधार दिला की बसतंय का, तुम्ही जेवताना घासाकडे टक लावून हात पुढे करतंय का, आणि चमच्यातलं जिभेने सारखं बाहेर ढकलत नाही ना. वेळेआधी जन्मलेलं बाळ असेल किंवा वजन कमी असेल तर कधी सुरू करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

उष्टावणाचा मुहूर्तही सहा महिने पूर्ण झाल्यानंतरचाच धरा. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचं बोट ओठाला लावलं की विधी झाला, त्या दिवशी प्रत्येक पाहुण्याने एकेक चमचा भरवायची काही गरज नाही. आणि वरचं खाणं सुरू झालं म्हणून अंगावरचं दूध कमी करायचं नाही, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू राहू दे.

भांडी आणि हात

फार काही लागत नाही. स्टीलची छोटी पातेली, एक गाळणी, वाटी-चमचा, मिक्सरचं छोटं भांडं, आणि घरात पुरणयंत्र असेल तर ते नक्की काढा, शिजवलेला भोपळा नि बटाटा त्यातून इतका सुंदर मऊ निघतो की ब्लेंडर घ्यायची गरजच पडत नाही. बाळाची वाटी-चमचा साबणाने घासून उकळत्या पाण्यातून काढा आणि पालथी घालून वाळू द्या, ओल्या फडक्याने पुसू नका, फडक्यात सगळ्यात जास्त घाण असते. भरवणाऱ्याचे हात साबणाने धुतलेले हवेत, बाळाचेही, कारण ते हात घालणारच. बाटलीतून पेज पाजायची नाही, वाटी-चमच्यानेच भरवायचं.

खिमट, म्हणजे पहिलं पीठ

एक वाटी जुना तांदूळ, अर्धी वाटी पिवळी मूगडाळ, अर्धा चमचा जिरं, बस. तांदूळ नि डाळ वेगवेगळे तीन-चार पाण्यांनी धुवा, सुती कापडावर पसरून पंख्याखाली चार-पाच तास वाळवा, हाताला ओलसर लागता कामा नये. मग मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं कारण दोघांना वेळ वेगळा लागतो, तांदूळ फुलून पांढरा होतो आणि दाताखाली कुरकुरीत तुटतो तेव्हा झाला, डाळीला खमंग वास सुटला आणि रंग जरा बदलला की लगेच उतरवा. जिरं शेवटी त्याच गरम कढईत टाकलं तरी भाजतं.

आता सगळ्यात जास्त लोक चुकतात ती जागा. भाजलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावू नका. कोमट असताना दळलं की भांड्याच्या झाकणाला वाफ धरते, ती ओल पिठात जाते आणि आठ दिवसांत डब्याला कुबट वास येतो. मी तास-दीड तास परातीत पसरून ठेवते. पहिल्या आठवड्याला बारीक दळून चाळून घ्या, नंतर रवाळच ठेवा.

शिजवताना दोन मोठे चमचे पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवा म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग एकूण एक वाटी पाणी होईल इतपत पाणी घालून मंद गॅसवर आठ-दहा मिनिटं सारखं ढवळत शिजवा. उतरवल्यावर अर्धा छोटा चमचा साजूक तूप. मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही. आपल्याला अळणी लागतं, बाळाला मीठ माहीतच नाही तर त्याला काय अळणी लागणार.

किती घट्ट ते चमच्यावर बघायचं. चमचा तिरका केला की खिमट क्षणभर चमच्याला धरून राहिलं पाहिजे आणि मग जड गोळ्यासारखं हळूच घसरलं पाहिजे, धार लागली तर पातळ झालं. हे मी जरा ताणून सांगते कारण आपल्याकडे "वरणाचं पाणी" आणि "भाताचं पाणी" पाजायची फार सवय आहे आणि ते प्रेमाने पाजतात, पण त्या पाण्यात पोट भरण्यापलीकडे फारसं काही नसतं. बाळाचं पोट एवढंसं, ते पाण्याने भरलं की दूधही कमी पितं आणि महिनाअखेर अंगणवाडीत वजन केलं की काटा तिथेच. वरणावरचं पाणी मोठ्यांनी प्यावं, बाळाला खालची डाळ घोटून द्यावी.

नाचणी, मोड आणून

नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, इतर कुठल्याही रोजच्या धान्यात एवढं नाही. गोव्यात हिचं तिझान करतात, घाटावर आंबील, आमच्याकडे कोकणात बाळासाठी सत्त्व. पहिल्यांदा पाव किलोच करा, रोज एकदा दिलं तर एका बाळाला पंधरा दिवस जातं.

नाचणी आधी रोळून घ्यायची, खडे बारीक आणि त्याच रंगाचे असतात, नुसतं निवडून दिसत नाहीत. पसरट भांड्यात पाणी घालून हलवत हलवत वरची नाचणी पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात ओतायची, खडा तळाशी राहतो, असं चार-पाच वेळा. मग दहा-बारा तास भिजत, मध्ये एकदा पाणी बदलून. निथळून स्वच्छ पंच्यात पुरचुंडी बांधायची, फार घट्ट नाही, आणि चाळणीत ठेवून वर झाकण. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका. उन्हाळ्यात चोवीस तासांत आणि थंडीत छत्तीस तासांपर्यंत पुरचुंडी उघडली की लाल दाण्याला टाचणीच्या टोकाएवढं पांढरं दिसतं, आणि वास येतो तो ओल्या मातीसारखा, गोडसर. हा वास ओळखायला शिका. आंबूस वास आला, बोटाला बुळबुळीत लागलं किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सगळी नाचणी टाकून द्यायची, धुवून वापरायची नाही.

माझी एकदा अशीच गेली. मोठीच्या वेळी श्रावणात नाचणी भिजवली, आठ दिवस ऊन नाही, घरात वाळत घातली ती वाळेचना, तिसऱ्या दिवशी मधल्या थराला करडी बुरशी धरली आणि मला मात्र वाटलं की भाजल्यावर जाईल. सासूबाईंनी माझ्या हातातून परात घेतली आणि म्हणाल्या, बुरशीचं विष भाजून जात नाही गं. ते खरंच आहे, बुरशी मरते पण तिने सोडलेलं विष उष्णतेने पूर्ण जात नाही. तेव्हापासून पावसाळ्यासाठीची नाचणी मी एप्रिल-मेमध्येच, पापड-कुरडयांच्या वाळवणाबरोबर करून ठेवते, पण दळत नाही, मोड आणून कडक वाळवलेली अख्खीच ठेवते आणि लागेल तशी दर पंधरा दिवसांनी भाजून दळते. अख्खा दाणा पिठापेक्षा खूप जास्त टिकतो.

वाळली की नाही ते दाताने बघा, कट्कन आवाज आला पाहिजे. हातावर चोळून सुकलेले कोंब पाखडून टाका. भाजायचं हलकं, वास सुटेपर्यंतच, कारण मोड येताना धान्यात एक पाचक रस तयार होतो जो पिठूळपणा फोडतो आणि जास्त भाजलं की तो जळून जातो. या रसाचा उपयोग मोठा आहे, मोडाच्या पिठाची पेज तेवढ्याच पिठात जास्त सरसरीत होते, म्हणजे त्याच वाटीत जास्त पीठ घालता येतं आणि बाळाच्या पोटात जास्त अन्न जातं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात यावर बरंच काम झालंय, तांदळाच्या घट्ट पेजेत मोडाचं चमचाभर पीठ घातलं तरी ती सैल होते. घरी करून बघा, घट्ट खिमट जरा निवलं की त्यात अर्धा चमचा मोडाचं पीठ ढवळा, दोन-तीन मिनिटांत सैल पडतं, मग परत एक उकळी मात्र आणा कारण ते पीठ कच्चं आहे.

दळल्यावर मलमलच्या कापडाने वस्त्रगाळ करा. काही जणी भिजलेली नाचणी वाटून तिचं दूध गाळून खाली बसलेला साका वाळवतात, तेही सत्त्वच, पचायला हलकं, पण चोथ्याबरोबर आणि ओतलेल्या पाण्याबरोबर बराच कस निघून जातो, म्हणून मला आख्ख्या मोडाचं पीठ जास्त पटतं.

पीठ ठेवायचं कसं

कोरड्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात. एक मोठा डबा भरू नका, चार छोटे भरा, एक बाहेर आणि बाकी फ्रिजमध्ये, म्हणजे रोज उघडझाप एकाचीच. बाहेरचा पंधरा दिवसांत संपवायचा, फ्रिजमधला दीड-दोन महिन्यांत. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडायचा नाही, आधी बाहेरच्या हवेला येऊ द्या नाहीतर आत पाणी सुटतं. डब्यात कोरडाच चमचा. वर कागदी चिकटपट्टी लावून तारीख लिहा, "मला लक्षात राहतं" असं सगळ्यांनाच वाटतं पण बाळ लहान असताना आजचा वारसुद्धा लक्षात राहत नाही. जाळी धरलेली दिसली, कडवट किंवा खवट वास आला की चाळून वापरू नका.

दाण्याचं किंवा बदामाचं कूट या पिठात आधीच मिसळून ठेवू नका, तेलामुळे सगळं पीठ लवकर खवट होतं. ते वेगळं, थोडं थोडं करा आणि शिजवताना घाला.

फळं, भाज्या आणि बाकीचं

पिकलेलं केळं, चिकू, पपई नुसतं काट्याने कुस्करायचं, साठवायचं नाही, सोलून ठेवण्यातही अर्थ नाही. सफरचंद वाफवून. लाल भोपळा, रताळं, दुधी, गाजर कुकरच्या डब्यात किंवा चाळणीवर वाफवून पुरणयंत्रातून. एका वेळी एकच नवीन पदार्थ, आणि दोन-तीन दिवस तोच, म्हणजे अंगावर पुरळ, उलटी, जुलाब असं काही झालं तर कशाने ते कळतं. चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर वाट न बघता दवाखाना गाठा.

सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा जन्मजात साठा संपत येतो, म्हणून डाळी, पूर्ण शिजवलेलं अंडं, खात असाल तर खिमा नि मासे लवकरच सुरू करा. अंडं किंवा शेंगदाणा वर्षभर टाळला तर ॲलर्जी टळते असं आधी सांगायचे, आता तसं मानत नाहीत, मात्र बाळाला इसब किंवा आधीची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मासा द्यायचा तर पापलेटसारखा कमी काट्यांचा, आणि कुस्करताना दोनदा बोटांनी चाचपून, नुसतं डोळ्यांनी बघून काटा सापडत नाही. डाळ-खिमटावर लिंबाचे दोन थेंब पिळले तर त्यातलं लोह जास्त लागू पडतं. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले असतील तर घरचं चांगलं खातंय म्हणून ते बंद करू नका.

शिजवलेलं ठेवायची वेळ आलीच तर

येतेच, नोकरी असते, आजारपण असतं. तेव्हा पुढचं काटेकोर पाळा.

शिजलं की बाळाचं आत्ताचं वाटीत काढा आणि उरलेलं, म्हणजे उष्टा चमचा न लागलेलं, लगेच गार करायला घ्या. पातेलं ओट्यावर झाकून ठेवू नका, ताटलीत पातळ पसरून ती ताटली गार पाण्याच्या परातीत ठेवली की पंधरा-वीस मिनिटांत निवतं, मग झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नाही. भाताच्या पदार्थांना ही घाई जास्त लागते, तांदळात असा एक जंतू असतो ज्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात तो भराभर वाढतो. बाहेर दोन तासांच्या वर काहीच ठेवायचं नाही, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात एक तासच.

फ्रिजमध्ये फळं-भाज्यांचा गर फार तर दोन दिवस, खिमट, डाळ, अंडं, मासे, मटण एक दिवस. पालक आणि बीट शिजवून साठवूच नका, गाजरही ताजंच बरं, या भाज्यांतलं नायट्रेट ठेवल्यावर बदलतं आणि लहान बाळाच्या रक्ताला ते बाधू शकतं.

गरम करताना कोमट नाही, चांगली वाफ येईपर्यंत, मग निववून, मनगटावर थेंब लावून बघून भरवा. मायक्रोवेव्ह वापरलात तर नीट ढवळा, मध्येच एखादा घास चटका बसेल इतका गरम राहतो. एकदा गरम केलेलं परत फ्रिजमध्ये नाही. आणि बाळाच्या वाटीत उरलेलं टाकायचं किंवा आपण खायचं, चमच्याबरोबर लाळ गेली की ते संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

फ्रीजर. बर्फाच्या ट्रेमध्ये भोपळ्याचा, रताळ्याचा, सफरचंदाचा गर घालून गोठवायचा, मग वड्या काढून पिशवीत, तारीख घालून, महिनाभरात संपवायच्या. लागतील तेवढ्या वड्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढायच्या, ओट्यावर वितळवायच्या नाहीत. पण हे उणे १८ डिग्रीच्या खऱ्या फ्रीजरचं गणित आहे. एका दाराच्या फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड नसतो, त्यात ठेवलेलं आइस्क्रीम दगडासारखं कडक राहतं का बघा, मऊ पडत असेल तर त्या कप्प्यावर आठवड्याच्या वर भरवसा ठेवू नका.

आणि लाइट. धाकट्याच्या वेळी मी हौसेने तीस वड्या करून ठेवल्या होत्या, जुलैत वादळात दोन रात्री लाइट नव्हती, आली तेव्हा वड्या परत घट्ट झालेल्या, वरून बघून काहीच कळलं नसतं, फक्त चौकोनी वड्यांचा पिशवीच्या तळाशी एक चपटा गठ्ठा झाला होता. सगळ्या टाकल्या, वाईट वाटलं फार. लाइट गेल्यावर दार न उघडलेला फ्रिज साधारण चार तास धरतो, अर्धा भरलेला फ्रीजर एक दिवस, गच्च भरलेला दोन दिवस. तेव्हापासून मी फ्रीजरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवते, नाणं बुडालेलं दिसलं की मधल्या काळात सगळं वितळलं होतं हे कळतं. आणि तेव्हापासूनच आठवड्यापेक्षा जास्त वड्या मी करत नाही, पिठाचा डबा लाइट गेली म्हणून खराब होत नाही.

पाळणाघरात द्यायचं असेल तर एकेका वेळच्या पिठाची पुडी मोजून द्या आणि तिथल्या ताईंना एकदा समोर शिजवून दाखवा. ते जमत नसेल तर चांगला थर्मास उकळत्या पाण्याने दहा मिनिटं गरम करून, पाणी ओतून, त्यात उकळतं खिमट भरा, दोन-तीन तासांत भरवायचं, उघडल्यावर वाफ दिसली नाही तर द्यायचं नाही. प्रवासात केळं सगळ्यात भरवशाचं.

किती आणि केवढं मऊ

पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे, तेवढंच. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, वाढवत वाढवत २५० मिलिच्या वाटीने अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिने तीन-चार वेळा, अर्धी ते पाऊण वाटी, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, आणि मध्ये एक-दोनदा फळ वगैरे. तोंड फिरवलं की थांबायचं, हात धरून, नाक दाबून, मोबाइल दाखवून भरवायचं नाही. एखादी चव पहिल्यांदा थुंकली म्हणून ती आवडत नाही असं नसतं, आठ-दहा वेळा देऊन बघावी लागते.

आठव्या महिन्यापासून मिक्सर बंद करा. दात नसले तरी हिरड्यांनी मुलं छान चावतात, आणि दहाव्या महिन्यापर्यंत गुळगुळीतच देत राहिलं तर पुढे कण लागला की ओकारी काढतात, मग तीन वर्षांचं मूलही वरण-भात वाटून मागतं.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटणातही नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी लहान बाळांना लुळेपणा आणणारा गंभीर आजार होऊ शकतो. मीठ वर्षापर्यंत नाही, म्हणून मेतकूटही नंतरच. साखर-गूळ दोन वर्षं टाळता आला तर उत्तम. चहात बुडवलेलं बिस्कीट नको, चहाने अन्नातलं लोह लागू पडत नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, लाह्या घशात अडकतात, पाच वर्षांपर्यंत सांभाळा. जुलाब झाले तर खाणं बंद करू नका, दूध, मऊ खिमट आणि ओआरएस चालू ठेवा, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल पडलं तर लगेच डॉक्टर.

दहाव्या महिन्याच्या आसपास वेगळं शिजवणं आपोआप कमी होतं. आमच्याकडे कुकर उघडला की मीठ-तिखट पडायच्या आधी एक डाव वरण आणि दोन डाव भात बाजूला निघतो, भाजीतला भोपळ्याचा एखादा तुकडा फोडणीआधी त्याच वाटीत, वर तूप, पळीच्या पाठीने जरा दाबायचं आणि ती वाटी आमच्या ताटांबरोबरच खाली पंगतीला मांडायची.